वरच्या खोलीतला आवाज

मित्रांनो, मला हातात घ्याल तर जरा बेतानं घ्या. कित्येकदा लोकांनी मला शर्टाचं तुटलेलं बटण समजून केराच्या टोपलीत टाकलं आहे आणि साऊंडदादानं टोपली उपडी करून मला शोधून काढलं आहे. मी एक जुना कॉलर माईक आहे. हरभऱ्याएवढं डोकं, त्याला बारीक वायर आणि वायरच्या टोकाला काड्यापेटीएवढी पेटी. डोकं माणसाच्या कॉलरखाली चिमट्यानं अडकवतात, पेटी त्याच्या खिशात लपवतात, आणि मग तो जे बोलेल ते थेट साऊंडदादाच्या कानात जातं. ऐकायचं सगळं आणि बोलायचं काहीच नाही, असा माझा जन्म. त्यामुळं स्वभाव पहिल्यापासून अस्वस्थ. कापड घासलं की माझं डोकं उठतं, आणि कुणी खोटं बोलायला लागलं की त्याचं काळीज धडधडतं ते सगळ्यांच्या आधी मला कळतं.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथं एका बाईचं काम हेच, की प्रत्येक नव्या माईकपुढं काहीतरी बोलून बघायचं. माझी पाळी आली तेव्हा ती शेजारणीला सांगत होती की पोरीला ताप आहे आणि रजा काही मिळत नाही. जगात आल्यावर मी ऐकलेला पहिला आवाज हा. मी पास झालो, डब्यात बंद झालो आणि दुकानात गेलो. त्या बाईच्या रजेचं पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. अजूनही मधूनच ते आठवतं आणि चैन पडत नाही.

साऊंडदादानं मला घेतलं तेव्हा तो नुकताच स्वतंत्र काम करायला लागला होता. सिनेमाच्या धंद्यात माणसाला त्याच्या कामाचंच नाव पडतं, तसा तो साऊंडदादा. मला तो कापसात गुंडाळून ठेवायचा. त्याची बायको म्हणायची, "माझं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडता आणि या बोंडकाला मात्र पोटच्या पोरासारखं जपता." दादा हसायचा. मी मनातून सुखावायचो. जाहिराती, मुलाखती, भाषणं, शाळांचे माहितीपट, सगळीकडं मी गेलो. किती गळ्यांशी लागलो त्याचा हिशेब नाही. लोक दादाला शाबासकी द्यायचे की आवाज कसा स्वच्छ येतो, आणि दादा माझ्याकडं बोट दाखवायचा.

या धंद्यात एक न लिहिलेला नियम आहे. शॉट संपला तरी माईक लगेच काढत नाहीत, आणि माणसं तर विसरूनच जातात की आपल्या गळ्याशी एक कान लटकतो आहे. मग ती भांडतात, चहाड्या करतात, घरी फोन लावून रडतात. साऊंडवाल्याच्या कानात ते सगळं पडतं. त्यानं मूग गिळून गप्प बसायचं. दादानं हा नियम आयुष्यभर पाळला. एकदाच चुकला, आणि त्या चुकीचीच ही गोष्ट आहे.

एक दिवस दादाला एका सिनेमाचं काम मिळालं. दिग्दर्शकाचा तो पहिलाच सिनेमा. गोष्ट अशी, की एक बातमीदार मुलगी पुढाऱ्याचा भ्रष्टाचार उघडा पाडते, पुढाऱ्याची माणसं तिला पळवतात आणि एक प्रामाणिक मंत्री तिला सोडवतो. पैशाच्या नावानं सगळी बोंब होती. नायिका एका दवाखान्यात नर्स होती, ती रजा काढून आली होती. पोलिसांचे गणवेश कुठल्याशा नाटक कंपनीचे होते, आणि त्यातला एक इतका आखूड की बिचारा हवालदार सारखा सदरा खाली ओढायचा. दिग्दर्शक स्वतःच कॅमेरा चालवायचा, स्वतःच चहा सांगायचा आणि स्वतःच सगळ्यांवर खेकसायचा.

खर्च करत होते अध्यक्षसाहेब. कशाचे अध्यक्ष ते कुणी विचारत नसे, कारण गावातल्या बहुतेक गोष्टींचे तेच होते. त्यांच्या दोन अटी होत्या. शूटिंग त्यांच्या बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यातच व्हायचं आणि प्रामाणिक मंत्र्याचं काम त्यांनीच करायचं. भ्रष्टाचारावर भाषण द्यायचं म्हटलं की स्वारी अशी रंगात यायची की काही विचारू नका. मी त्यांच्या कॉलरखाली असायचो. तोंडानं ते सचोटीचे गोडवे गात, आणि आत काळीज मात्र दरोडेखोरासारखं पळत असे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी अगदी जवळून ऐकल्या आहेत.

कारखान्यातला खालचा मोठा हॉल आम्हाला दिला होता. वरच्या मजल्यावर पिठाचं जुनं कोठार होतं, पण जिना पडायला आला आहे, वर कुणी जायचं नाही, अशी ताकीद होती. जिन्यात अध्यक्षसाहेबांचा एक दांडगा माणूस बसलेला असे. त्याला सगळे पहिलवान म्हणत. पहिलवानाला शूटिंगचं भारी वेड. कॅमेरा कुठंही लावला की हा कडेनं डोकावायचाच. दिग्दर्शकानं त्याला इतक्या वेळा झापलं, की शेवटी 'ॲक्शन' शब्द कानावर पडला की पहिलवान विंचू चावल्यासारखा उडी मारून लोखंडी पिंपांमागं लपायचा आणि 'कट' ऐकू येईपर्यंत श्वास रोखून बसायचा.

त्या दिवशी सकाळी अध्यक्षसाहेबांचा शॉट लवकर उरकायचा होता. दुपारी नव्या पुलाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते होतं. एक टेक झाला आणि ते फोन घेऊन खोक्यांच्या ढिगामागं गेले. मी गळ्याशी होतोच. ते हळू आवाजात फोनवर म्हणाले, "म्हातारीला औषध वेळेवर द्या. तिला काही झालं तर मुलगा सही करायचा नाही. एकदा उद्घाटन होऊ दे, मग बघू काय करायचं ते."

माझ्या वायरमधून कापरं गेलं. पण दादाला काहीच वेगळं वाटलं नाही. अध्यक्षसाहेबांना आपले संवाद रोज बदलायची खोड होती. रोज सकाळी ते काहीतरी नवीन जुळवून आणायचे आणि कोपऱ्यात जाऊन पाठ करायचे. दादाला वाटलं, हेही त्यातलंच. इतक्या दिवसांत या माणसाचं एकही वाक्य धड पडलं नव्हतं, हे मात्र अगदी काळजातून आलं होतं. दादा सरळ मनाचा. तो उठून कौतुक करायला गेला.

"साहेब, ते म्हातारीचं वाक्य झकास बसलंय," तो म्हणाला. "अगदी खरं वाटतं. टेकमध्ये असंच बोला."

चोराच्या मनात चांदणं. अध्यक्षसाहेबांचं काळीज एक ठोका चुकलं, मग दुप्पट वेगानं धावायला लागलं. त्यांनी गळ्याशी हात नेला, मला चाचपलं आणि हिसका देऊन काढलं. चेहऱ्यावर हसू होतं, बोटं बर्फासारखी गार होती. त्यांनी दादाला विचारलं की हे यंत्र कधी बंदच नसतं का. मग दिग्दर्शकाला बोलावून सांगितलं की आवाज सगळा मागाहून स्टुडिओत घेऊ, साऊंडवाल्याचं काम आजच संपवा. आणि ते गाडीत बसून पुलाकडं निघून गेले.

दादा हिरमुसला. आपण कौतुक केलं आणि यानं कामावरून काढलं, हे कोडं त्याला सुटेना. मला गुंडाळता गुंडाळता त्यानं दिग्दर्शकाला विचारलं, म्हातारीचा सीन कधी घेणार आहेस. दिग्दर्शक म्हणाला, "कुठली म्हातारी? आपल्या गोष्टीत म्हातारी नाहीच."

दादाचा हात थांबला. मी त्याच्या मुठीत होतो, त्याच्या तळव्याला घाम सुटला तो मला कळला.

मित्रांनो, इथं आमच्या धंद्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. कुठं पंख्याची घरघर, कुठं नळाची टिपटिप. म्हणून जागा सोडण्याआधी साऊंडवाला सगळ्यांना जागच्या जागी उभं करतो आणि रिकाम्या खोलीचा आवाज भरून घेतो. मागाहून सिनेमा जोडताना दोन वाक्यांच्या मधे तो घालावा लागतो. दिग्दर्शकाला याचा भारी कंटाळा. पण दादानं हट्ट धरला की हे घेतल्याशिवाय मी हलणार नाही. सगळे उभे राहिले. पहिलवान पिंपांमागं लपला. दादानं कानाला हेडफोन लावले आणि आवाजाचं बटण होतं तेवढं फिरवलं.

त्या शांततेत काहीतरी होतं. फार बारीक. मांजर दार खरवडतं तसं. दिग्दर्शकानं 'कट' म्हटल्यावर पहिलवान जिन्यात परत गेला आणि दादा त्या आवाजाच्या मागावर निघाला. ते येत होतं भिंतीतल्या एका पत्र्याच्या नळातून. पूर्वी वरच्या कोठारातलं पीठ त्या नळातून खाली सोडत असत. दादाकडं काठीला लावायचा एक मोठा माईकही होता. त्याची ऐट फार, मला तो कधी मोजायचाच नाही. पण त्याचं डोकं नळात जाईना. मग दादानं मला काठीच्या टोकाला बांधलं आणि नळातून वर सरकवलं.

आत काळोख आणि जुन्या पिठाची भुकटी. मी वर वर गेलो आणि एका जाळीला टेकलो. जाळीपलीकडं कुणीतरी बोलत होतं. हाका मारून मारून गळा बसलेला, नुसती फुसफूस उरलेली. समोर कुणी नव्हतं तरी ती बाई बोलत होती.

"बाळा, सही करू नको," ती म्हणत होती. "त्या खांबात बोट घातलं तर वाळू निघते असं तूच मला सांगितलंस ना? मग नको करू. मी बरी आहे. तू जेवलास का रे?"

जन्मात पहिल्यांदा मला तोंड नसल्याचा राग आला. ती विचारत होती आणि मला साधं 'हो' म्हणता येत नव्हतं.

खाली दादानं हेडफोन काढून दिग्दर्शकाच्या कानाला लावले, मग नायिकेच्या. आता सगळं उघड झालं. नव्या पुलाचा दाखला अडला आहे अशी कुजबुज गावात होतीच, तो पूल तपासणाऱ्या इंजिनिअरची ही आई. पूल कच्चा आहे म्हणून तो मजबुतीच्या दाखल्यावर सही करत नव्हता, म्हणून हिला उचलून आणलं होतं. आणि ठेवायला जागा कशी शोधली बघा. जिथं रोज एक बाई 'वाचवा वाचवा' ओरडते, तिथं दुसरीच्या ओरडण्याकडं लक्ष कोण देणार? दादाला आणखी एक गोष्ट कळली. आपल्या कौतुकानं अध्यक्षसाहेब सावध झाले आहेत. आता ते म्हातारीला इथं राहू देणार नाहीत, कदाचित कुठंच राहू देणार नाहीत.

पोलिसांना कळवावं तर ठाण्यातले साहेब अध्यक्षांच्या खुर्चीला खुर्ची लावून शूटिंग बघायला येत. दिग्दर्शक मटकन खोक्यावर बसला. किती वर्षं दारोदार फिरून त्याला हा सिनेमा मिळाला होता. अध्यक्षांशी वैर म्हणजे सिनेमा गेला आणि कदाचित तोही गेला. नायिकेनं त्याला काही समजावलं नाही. तिनं फक्त विचारलं, "तुझी आई असती तर?" मग उठून त्यानं कॅमेरा खांद्यावर घेतला.

दादानं मला नायिकेच्या जाकिटाला लावलं. खरा शॉट वाटावा म्हणून तिच्या मनगटांना शूटिंगचा दोर गुंडाळला, ओढला की सुटणारा. दिग्दर्शक जिन्याच्या तोंडाशी जाऊन खेकसला, "सगळे शांत! ॲक्शन!"

पहिलवान जिन्यावरून उडी मारून पिंपांमागं गेला.

नायिका जिना चढायला लागली, मागं कॅमेरा. तिचं काळीज इतकं वाजत होतं की मला दुसरं काही ऐकू येईना. जिना पडायला आलेला वगैरे काही नव्हता, चांगला दगडी होता. वर दाराला बाहेरून कडी. तिनं दोर ओढून सोडला आणि कडी काढली. आत पोत्यांवर एक बारकीशी बाई बसली होती. नायिकेला बघून ती भिंतीला चिकटली. नायिकेनं ओठावर बोट ठेवलं, तिची नाडी बघितली आणि आपलं जाकीट काढून तिच्या खांद्यावर घातलं. असा मी त्या आईच्या गळ्याशी आलो.

उतरताना अर्ध्या जिन्यात असतानाच खाली फोन वाजला. पहिलवानाचा. स्क्रीनवर अध्यक्षसाहेबांचं नाव असणार, कारण पिंपांमागून तो घाबरून पुटपुटला, "साहेब!" आम्ही सगळे गोठलो. एकदा त्यानं फोन उचलला असता तर खेळ खलास होता. पण कॅमेरा चालू होता आणि आवाज झाला तर दिग्दर्शक जाम शिव्या घालतो, हे पहिलवानाला पक्कं ठाऊक झालं होतं. त्यानं फोन दाबून बंद केला. वर आमच्याकडं बघून 'चालू द्या' अशी मानही हलवली, जाकिटात गुरफटलेली आई त्याला सिनेमातलीच कुणी वाटली असणार. आम्ही त्याच्या समोरून दाराबाहेर गेलो, आणि 'कट' कुणी म्हटलंच नाही.

सामानाच्या गाडीत सगळे कोंबून बसले आणि गाडी सुटली. आईनं आधी मुलाला फोन लावायला सांगितला. दिग्दर्शकानं फोन तिच्या कानाशी धरला. मुलगा आवाज ओळखून रडायलाच लागला. मग म्हणाला, "आई, मी सकाळीच सही केली गं. तू सुटावीस म्हणून केली."

आईनं डोळे मिटले. तिच्या छातीत काहीतरी खाली खाली जात असलेलं मी ऐकलं. वाटलं, आता ही त्याला म्हणेल, असू दे रे, माझ्यासाठीच केलंस ना.

"केलीस ती केलीस," ती त्या बसलेल्या आवाजात म्हणाली. "आता जा आणि पुलाच्या तोंडाशी उभा राहा. कुणी आलं की हात आडवा कर. मी येतेय."

रस्ताभर तिची माझ्यावरची बोटं स्वस्थ नव्हती. तो जाईल की नाही जाईल, हे तिलाही माहीत नव्हतं.

तो गेला होता. पुलाच्या तोंडाशी शर्ट बाहेर लोंबत असलेला एक माणूस हात आडवा करून उभा होता. पलीकडं फीत, फुलं, व्यासपीठ, आणि कर्ण्यांतून कान फाटतील असं संगीत. पुलावरून सगळ्यात आधी शाळेच्या मुलांची बस जायची होती, ती सुरू होऊन घरघरत उभी होती. लोक हसत होते, कुणी त्याला वेडा म्हणत होतं. तो ओरडून सांगत होता की पूल कच्चा आहे, पण सही तर त्याचीच होती. अध्यक्षसाहेब हसत पुढं आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही तोवर गर्दीतून इतके जवळ पोचलो होतो की ते मला ऐकू आलं.

"साहेब, घरी जा," ते प्रेमानं म्हणाले. "आई वाट बघत असेल."

त्या माणसाचा हात हळूहळू खाली यायला लागला. आई हाक मारत होती, पण त्या गलक्यात तिची फुसफूस पुढच्या माणसालाही ऐकू जाईना. दादा व्यासपीठाकडं धावला. कर्णेवाल्याला तो फक्त म्हणाला, "भावा, एक वायर दे." आमच्या धंद्यात वायर मागितली की आधी देतात आणि मग विचारतात. ज्या यंत्रातून दादा मला ऐकायचा, त्याला त्यानं ती जोडली. संगीत थांबलं. कर्ण्यांतून आधी एक खोकला आला, नंतर श्वास, आणि मग सगळ्या मैदानावर तिचा आवाज पसरला.

"आई इथंच आहे. बाळा, हात खाली करू नको."

अध्यक्षसाहेबांचा हात त्याच्या खांद्यावरून आपोआप निघाला. आई पुढं म्हणाली, "या माणसानं मला कोंडून ठेवलं होतं. बस मागं घ्या हो, आत लेकरं आहेत." आणि ती चालत जाऊन मुलाशेजारी उभी राहिली आणि तिनंही हात आडवा केला. बसवाल्यानं गाडी मागं घेतली.

मित्रांनो, पुढचं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पूल पाडला. अध्यक्षसाहेबांचा खटला चालू आहे आणि ते जामिनावर बाहेर हिंडतात, त्यामुळं दादा अजून दाराला दोन कुलपं लावतो. इंजिनिअरची नोकरी गेली. सही त्यानं केली होती आणि आईनंही त्याची बाजू मांडली नाही. ती त्याला रोज डबा देते आणि रोज त्याच्याशी वाद घालते. सिनेमा मात्र पुरा झाला. दिग्दर्शकानं उधार उसनवार करून पुरा केला, आणि तो दूरच्या एका देशात दाखवला गेला. तिथले लोक खाली लिहिलेल्या ओळी वाचून बघत होते. एका जाणकारानं लिहिलं की सिनेमा बरा आहे, पण जिन्यावरचा पहारेकरी स्वतःहून बाजूला होतो तो प्रसंग अगदीच खोटा वाटतो. ते वाचून दादा इतका हसला की त्याच्या बायकोला पाणी आणावं लागलं.

आता माझा चिमटा गंजला आहे. दादानं नवे माईक घेतले आहेत, ते माझ्याहून बारीक आहेत आणि त्यांना वायरही नाही. मी कापसात गुंडाळून एका डबीत असतो. सगळे म्हणतात, किती जपलंय याला. पण मला या डबीत चैन पडत नाही. कापसात काही ऐकू येत नाही, आणि काही ऐकू आलं नाही की नको ते मनात येतं. म्हणून सांगतो, मला जपायचं असेल तर असं जपू नका. चिमटा घासा, वायर जोडा, मला बाहेर काढा. कुठल्यातरी बंद दाराआड आत्ता कुणीतरी हळू आवाजात बोलत असेल. ते माणूस दमून गप्प व्हायच्या आत मला तिथं घेऊन चला.